उचलबांगडीचं पान

(दहावीच्या १९९६ च्या तुकडीच्या स्नेहसंमेलनात केलेलं भाषण, किरकोळ दुरुस्त्यांसह)



संयोजकांनी प्रत्येकाला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, "नोकरी-संसार सोडून तुम्ही काय करता?" माझ्या आधी बोललेल्यांपैकी एकाने सह्याद्रीतले किल्ले सांगितले, एकीने देशी बियाण्यांची बँक सांगितली. आता मी उठून सांगणार की मी पत्ते खेळते. पहिल्या रांगेतल्या बाईंच्या कपाळावरची आठी मला इथूनही दिसते आहे. बाई, पैसे लावून खेळत नाही, एवढं आधीच सांगते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि अमेरिकेत सिॲटलजवळ राहते. दर शुक्रवारी संध्याकाळी आम्ही चौघं जण एका दुकानाच्या मागच्या खोलीत बसून 'मॅजिक: द गॅदरिंग' नावाचा खेळ खेळतो. रिचर्ड गारफिल्ड या गणितातल्या माणसाने तो तयार केला आणि १९९३ साली विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने तो बाजारात आणला. या कंपनीचं मुख्यालय आमच्याच भागात, रेंटन गावात आहे. आपल्या बावन्न पानांच्या कॅटपेक्षा हा प्रकार वेगळा. इथे हजारो निरनिराळी पानं आहेत. ती विकत मिळतात, अदलाबदलीत मिळतात, आणि त्यांतून निवडून प्रत्येक खेळाडू आपला कॅट घरून बांधून आणतो. म्हणजे समोरच्याच्या कॅटमध्ये काय आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं.

या खेळाचे अनेक प्रकार आहेत. आम्ही खेळतो त्याला 'कमांडर' म्हणतात. नव्वदच्या दशकात अलास्कातल्या काही खेळाडूंनी तो घरगुती गंमत म्हणून सुरू केला. पुढे शेल्डन मेनेरी या पंचांनी तो जगभर नेला. २०११ साली कंपनीने त्याचे तयार कॅट विकायला काढले. मेनेरी २०२३ साली गेले, पण आज या खेळाचा हाच प्रकार घरोघरी खेळला जातो. नियम थोडक्यात असे. कॅट शंभर पानांचा. त्यातलं एक पान तुमचा म्होरक्या, ते उघडं, बाजूला ठेवलेलं. उरलेली नव्व्याण्णव पानं पिसून पालथी. साध्या जमिनींची पानं सोडली तर कोणतंही पान दुसऱ्यांदा येत नाही. प्रत्येकाला ४० गुण, शून्यावर आलात की डावातून बाद. आणि खेळायला बसतात साधारण चौघं, प्रत्येक जण स्वतंत्र. मेंढीकोटासारखा समोर बसलेला भिडू इथे नाही.

टेबलावर तुम्ही जमिनी मांडता. त्या आडव्या करून 'मॅना' नावाची शक्ती मिळवता, आणि त्या शक्तीच्या बदल्यात हातातली पानं उतरवता. त्यांत प्राणी असतात, यंत्रं आणि वस्तू असतात, कायम चालू राहणाऱ्या मंत्रांसारखी पानं असतात. हे सगळं मांडलेलं राहतं आणि वाढत जातं. आणि मग काही पानं अशी असतात, जी दुसऱ्याने मांडलेलं उचलून बाहेर फेकतात. इंग्रजीत त्यांना 'रिमूव्हल' म्हणतात. मराठीत यासाठी उचलबांगडीइतका नेमका शब्द नाही. (आपल्या तुकडीच्या व्हॉट्सॲप गटावरही मागे काही उचलबांगड्या झाल्या. तो विषय मी आज काढणार नाही.)

मला आज या उचलबांगडीच्या पानांबद्दलच बोलायचं आहे, कारण हा खेळ मी शिकले तो या पानांवरून.

दोघांचा डाव असेल तर हिशेब सोपा. मी एक पान खर्च केलं, तुझं एक पान गेलं. फिटंफिट. तुझं पान माझ्यापेक्षा महाग असेल तर मी फायद्यात. आता चौघं बसले आहेत असं धरा. मी एक पान खर्च केलं, तुझं एक पान गेलं, आणि बाकीचे दोघं? त्यांचं काहीच गेलं नाही. आपण दोघं एकेका पानाने मागे पडलो आणि ते दोघं बसल्या जागी पुढे गेले. दोन मांजरांच्या भांडणात माकडाचं काय झालं ते आपण तिसरीत शिकलो आहोत. इथे तर दोन-दोन माकडं आहेत.

म्हणून पहिली गोष्ट अशी की चौघांच्या डावात उचलबांगडीचं पान उठसूट वापरायचं नाही. समोर मोठा प्राणी आला म्हणून लगेच पान टाकलं, असं करायचं नाही. तो प्राणी माझ्याकडेच येणार आहे का? की शेजारच्याला त्याची जास्त भीती आहे? शेजारच्याला असेल तर शेजाऱ्याने आपलं पान खर्च करावं. आपण बदाम सातमध्ये दुसरं पान टाकता येत असेतोवर इस्पिकची अठ्ठी दाबून ठेवायचो, ते आठवा. पान हातात असण्याचीही एक किंमत असते.

दुसरी गोष्ट, कोणतं पान ठेवायचं. उचलबांगडीची पानं दोन जातींची असतात. एक जात एकाच कामाची. 'स्वोर्ड्स टू प्लाउशेअर्स' हे १९९३ च्या पहिल्या संचापासूनचं पान घ्या. फक्त एक मॅना खर्च होतो आणि कुठलाही एक प्राणी कायमचा हद्दपार होतो. इतकं स्वस्त आणि इतकं पक्कं काम करणारी पानं मोजकीच. पण ते फक्त प्राण्यांवर चालतं. समोर यंत्र असेल, मंत्र असेल, तर ते पान हातात नुसतं बसून राहतं. 'डिसेंचंट' त्याच्या उलट. ते यंत्र आणि मंत्र मोडतं, प्राण्यापुढे हतबल.

दुसरी जात लवचीक पानांची. हिरव्या रंगात 'बीस्ट विदिन', २०११ सालचं. पांढऱ्यात 'जेनरस गिफ्ट', २०१९ सालचं. ही पानं टेबलावरचं काहीही मोडतात. प्राणी, यंत्र, मंत्र, अगदी जमीनसुद्धा. लाल रंगातलं 'केऑस वॉर्प' लक्ष्य केलेलं पान त्याच्या मालकाच्या कॅटमध्ये पिसून टाकतं आणि वरचं पान उलटून दाखवायला लावतं. ते पान टिकणाऱ्या जातीचं निघालं तर थेट टेबलावर येतं. त्यामुळे कधीकधी मांजर जाऊन वाघ येतो. काळा-पांढरा कॅट असेल तर २०१६ चं 'अँग्विश्ड अनमेकिंग' आहे. ते जमीन सोडून काहीही हद्दपार करतं, पण तुमचे स्वतःचे तीन गुण घेऊन.

लवचीकपणा फुकट मिळत नाही. एकाच कामाचं पान एका मॅनात जे करतं, त्यासाठी इथे तीन मोजावे लागतात. शिवाय 'बीस्ट विदिन' ज्याचं पान मोडतं त्याला भरपाई म्हणून तीन शक्तीचा एक प्राणी देतं, आणि 'जेनरस गिफ्ट' तर चक्क एक हत्ती देतं. दोघांच्या डावात ही भरपाई जड जाते, कारण तो हत्ती तुमच्याच अंगावर येणार. चौघांच्या डावात प्रत्येकाचे ४० गुण असतात आणि हत्तीला जायला तीन दारं असतात. त्यामुळे तीच भरपाई इथे बरीच हलकी होते. दोघांच्या डावातला अवगुण चौघांत खपून जातो, हे मला या पानांचं फार आवडतं.

आता थोडं गणित, बाईंच्या समाधानासाठी. समजा नव्व्याण्णव पानांत मी उचलबांगडीची दहा पानं घातली. सुरुवातीला सात पानं हातात येतात, मग दर फेरीला एक. आठव्या फेरीपर्यंत मी १५ पानं पाहिलेली असतात. त्यांत दहापैकी निदान एक असण्याची शक्यता साधारण ८२ टक्के. बरं वाटतं ना? पण सरासरी काढली तर १५ पानांत अशी दीडच पानं हाती लागतात. म्हणजे आठ फेऱ्यांत मला एखाददुसरीच संधी, आणि समोर तीन जण, तिघांचे कॅट निराळे.

समजा समोरच्याने 'रिस्टिक स्टडी' मांडलं. हे २००० सालचं मंत्राचं पान आहे. बाकीच्यांपैकी कोणीही पान खेळलं की एक मॅना जादा भरायचा, नाहीतर त्या पानाचा मालक एक पान उचलणार. दोघांच्या डावात ते एकाच माणसाकडून वसुली करतं, चौघांत तिघांकडून. टोलनाकाच समजा. माझ्या दहा पानांपैकी मंत्र मोडणारी फक्त तीन असतील, तर आठव्या फेरीपर्यंत त्यांतलं एक तरी दिसण्याची शक्यता ८२ वरून थेट ३९ टक्क्यांवर येते. बाकीची सात पानं चांगलीच आहेत, पण आजच्या दुखण्यावर ती औषध नाहीत. दहापैकी सहा पानं लवचीक ठेवली आणि चार फक्त प्राण्यांसाठीची स्वस्त ठेवली, तर प्राण्यांसाठी शक्यता ८२ टक्केच राहते आणि मंत्रासाठी ती साधारण ६४ वर जाते. माझ्या कॅटमध्ये हेच प्रमाण आहे. दहाही लवचीक ठेवली तर सगळंच महाग होतं, आणि पहिल्या तीन-चार फेऱ्यांत हात बांधल्यासारखा होतो.

तिसरी गोष्ट, कधी वापरायचं. काही पानं फक्त स्वतःच्या खेळीत चालतात. 'व्हिंडिकेट' हे २००१ चं पान तसं आहे. तेही काहीही मोडतं, पण आपली पाळी आल्यावर. 'बीस्ट विदिन' आणि 'जेनरस गिफ्ट' कोणाच्याही पाळीत टाकता येतात. चौघांच्या डावात माझी पाळी संपली की पुन्हा येईपर्यंत तिघं खेळतात. या तीन पाळ्यांत काय होईल सांगता येत नाही. म्हणून मी तीन जमिनी उभ्या ठेवून गप्प बसते. माझ्या हातात काय आहे हे कोणालाच माहीत नसतं, पण उभ्या जमिनी सगळ्यांना दिसतात. कित्येकदा पान हातातून निघतसुद्धा नाही आणि तरी त्याचं काम होऊन जातं.

आणि चौथी गोष्ट, बोलणं. दोघांच्या डावात बोलण्यासारखं फार नसतं. चौघांत मात्र सगळा डाव बोलण्यावर चालतो. "ते तू उचल, मी तुझ्यावर येणार नाही." "उचललं असतं, पण त्याचं यंत्र कोण बघणार?" २०१४ साली तर 'कौन्सिल्स जजमेंट' नावाचं पान आलं, ज्यात चक्क मतदान होतं. पान टाकणाऱ्याचं सोडून टेबलावरची कुठली वस्तू हद्दपार करायची यावर प्रत्येकाने मत द्यायचं. जास्त मतं तिला, ती बाहेर. आपल्या वर्गातल्या मॉनिटरच्या निवडणुकीची मला दर वेळी आठवण येते, फक्त इथे निवडून येणारा घरी जातो.

आता आमच्या टेबलाबद्दल सांगते. चौघांपैकी एक मी. दुसरी हैदराबादची माझी सहकारी. तिसरा कॉलेजात शिकणारा मुलगा. आणि चौथे एक निवृत्त टपाल कर्मचारी. मी मनातल्या मनात त्यांना टपालकाका म्हणते. आमच्यात ते आले तेव्हा त्यांच्या पत्नीला जाऊन सहा-सात महिने झाले होते. मुलगी दुसऱ्या राज्यात. शुक्रवारी ते गाडी चालवत चाळीस मिनिटांवरून यायचे. त्या आठवड्यात दुकानदारांपलीकडे त्यांचं ज्यांच्याशी बोलणं व्हायचं ते बहुधा आम्हीच.

काकांचा कॅट त्यांच्यासारखाच सरळ. मोठमोठे प्राणी, लवकर मांडायचे, दडवायचं काही नाही. आणि जे दिसतं त्याला सगळे आधी भितात. कॉलेजवाल्याची लाल पानं काकांवर पडायची, सहकारी त्यांचे प्राणी परत त्यांच्या हातात पाठवायची. सगळं नियमात, कोणाच्याही मनात वाकडं काही नाही. पण चौघांच्या डावात पहिला बाद होणारा माणूस घरी जात नाही. उरलेल्यांचा डाव संपेपर्यंत तो बसून राहतो. आमचे डाव दोन-दोन तास चालतात. सलग तीन शुक्रवार काका तासाभरात बाद झाले आणि भिंतीजवळच्या खुर्चीवर थंड कॉफी घेऊन बसले. तिसऱ्या शुक्रवारी निघताना म्हणाले, "पुढच्या आठवड्यात बघू, जमेल असं वाटत नाही." आजारी माणूस "आता बरं आहे" म्हणतो ना, तो स्वर होता.

ते पुढच्या शुक्रवारी आले. का आले मी विचारलं नाही. सहाव्या फेरीला त्यांच्यापुढे एक अवाढव्य हायड्रा उभा होता आणि सहकारीपुढे रिस्टिक स्टडीचा टोलनाका. माझ्या हातात 'जेनरस गिफ्ट' होतं आणि तीन जमिनी उभ्या. कॉलेजवाला ओरडला, "हायड्रा! हायड्रा उचल!" माझ्या हातात त्या जागी फक्त प्राण्यांसाठीचं पान असतं तर प्रश्नच नव्हता. त्या पानाने माझ्या वतीने निर्णय घेऊन टाकला असता, आणि काका पुन्हा त्या खुर्चीवर गेले असते. पण हातात असं पान होतं जे कशावरही चालत होतं. त्यामुळे कशावर चालवायचं हे मला ठरवावं लागलं.

मी काकांना विचारलं, "हा कुठे निघालाय?" ते म्हणाले, "जिथे सगळ्यात जास्त पानं आहेत तिथे." सहकारीच्या हातात सात पानं होती, बाकी आमच्या प्रत्येकाकडे दोन-तीन. मी टोलनाका मोडला. तिला हत्ती मिळाला. तो तिने पुढच्याच पाळीत माझ्यावर सोडला आणि माझे तीन गुण गेले. डाव शेवटी कॉलेजवाल्याने जिंकला. काका शेवटून दुसरे बाद झाले, म्हणजे अगदी संपेपर्यंत टेबलावर होते. गाडीकडे जाताना ते सहकारीला सांगत होते की रिस्टिक स्टडीविरुद्ध काय करायला हवं, आणि ती वहीत उतरवून घेत होती!

हे मी उपकार म्हणून केलं असं समजू नका. हिशेबही तेच सांगत होता. एक प्राणी पुढच्या पाळीला आडवता येतो, टोलनाका दर फेरीला तिघांकडून घेत राहतो. त्या दिवशी हिशेब आणि माणूस एकाच बाजूला होते. दर शुक्रवारी तसं नसतं. कधी काकांचाच प्राणी उचलावा लागतो, आणि तेव्हा मी तो उचलते. त्यांच्यावर दया दाखवून मुद्दाम सोडला तर ते त्यांना लगेच कळेल, आणि भिंतीजवळच्या खुर्चीपेक्षा ते जास्त लागेल. फक्त आता आमच्या टेबलावर एक रीत पडली आहे. पान टाकताना कारण मोठ्याने सांगायचं. "हा उचलते, कारण पुढच्या फेरीत माझे बारा गुण जातील." मग समोरचा वाद घालू शकतो, दुसरं काही सुचवू शकतो. आणि कोणी लवकर बाद झालाच, तर उरलेल्यांनी डाव रेंगाळत ठेवायचा नाही. हे नियमाच्या पुस्तकात नाही. आम्ही ठरवलं, एवढंच. काका आता दोन वर्षं येत आहेत.

मी कामात रोज अशी साधनं बनवते, जी माणसाच्या वतीने ठरवतात. हे आलं तर ते कर, ते आलं तर हे कर. त्याची गरज असते, माझं घर त्यावर चालतं. पण लवचीक साधन हातात आलं की सोय वाढते आणि त्याबरोबर जबाबदारीही वाढते, हे मला कुठल्या कार्यशाळेत कोणी शिकवलं नाही. "माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता" हे वाक्य मग वापरता येत नाही. उपाय असतो. कोणावर चालवायचा ते आपण ठरवतो, आणि ज्याच्यावर चालवतो तो समोरच बसलेला असतो.

माझी पंधरा मिनिटं संपत आली, घंटा वाजवणारे हात मला दिसत आहेत. मी येताना शिकण्यासाठीचे चार कॅट आणले आहेत. उद्या सकाळी पोह्यांनंतर व्हरांड्यातल्या टेबलावर मी बसणार आहे. तीन जागा रिकाम्या आहेत. त्यांतली एक मी बाईंसाठी राखून ठेवते, कारण कॅटमधली शक्यता त्या माझ्यापेक्षा जलद काढतील आणि मला ते बघायचं आहे. बाकी दोन जागा जो आधी येईल त्याच्या. हत्ती कोणाला मिळेल ते तेव्हाच ठरेल.